शकूच्या दाराची खिट्टी

सोमवार, महिन्याची पहिली तारीख, सकाळी साडेदहा. घराची मासिक बैठक. हजर: पार्वतीबाई, कमलताई, मोठी सुनीता, धाकटी सुनीता, शकू, स्वयंपाकाच्या नवीन बाई आणि मी. डॉक्टर उशिरा आले, चहाच्या वेळी. गैरहजर: आक्का.

आक्का आमच्याकडचं काम सोडून माजलगावकडे लेकीच्या घरी राहायला गेल्या त्याला सात महिने झाले. काम सोडलेल्या माणसाचं नाव हजेरीतून काढायचं हा माझाच नियम. पण मी ते नाव गाळून पुढे गेले की पार्वतीबाई मला थांबवतात. "आक्का ऱ्हायली की," म्हणतात. मग मी आक्कांचं नाव पुकारते, पाचहीजणी एका सुरात "न्हाई आली" म्हणतात, आणि बैठक सुरू होते.

या सोमवारच्या बैठकीत शेवटचा विषय 'इतर' निघाला आणि शकू उठली. चार वर्षांत ती बैठकीतून आपणहून कधी उठली नव्हती. ती आपल्या खोलीशी गेली, दार अर्धं लोटलं आणि चौकटीच्या आतल्या अंगाला एका जागी बोट टेकवून उभी राहिली. बोलली काहीच नाही. पण कशासाठी ते मला कळलं, बाकीच्यांनाही कळलं. त्या बोटामागे आक्का आहेत. आणि आक्का काय चीज होती हे माझ्या एवढ्या रजिस्टरांमध्ये एका ओळीत सुद्धा धड लिहिलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी घराबद्दल. अंबाजोगाईत एका कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत आम्ही भाड्याने घेतलेलं घर आहे. त्यात पाच बायका राहतात, प्रत्येकीला एक खोली. पाचहीजणींना मनाचा जुना आजार आहे. औषधं चालू आहेत. दवाखान्यात ठेवावं अशी कुणाचीच स्थिती नाही, पण अगदी एकटीने राहणं झेपत नाही आणि घरचे नेत नाहीत. त्यांनी इथे स्वतःच्या घरात राहतात तसं राहावं आणि अडेल तिथेच आम्ही हात द्यावा, असं ठरलेलं. हे फायलीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. मी घराची व्यवस्था बघते, म्हणजे मुख्यतः याद्या करते: औषधांची, किराण्याची, कुणाला डॉक्टरांकडे कधी न्यायचं याची. झालेल्या कामावर बरोबरची खूण केल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आक्का आल्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. पाटोद्याकडच्या, मेंढरांवर जगणाऱ्या घरातल्या. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं आणि बिऱ्हाड घेऊन निघायचं, पावसाच्या तोंडाला परतायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. मुलं मेंढरं विकून शहराकडे गेली, आणि आक्का धाकट्या बहिणीकडे अंबाजोगाईत येऊन राहिल्या. आम्हाला दिवसरात्र घरात राहणारी, स्वयंपाक करणारी, पाचजणींकडे बघणारी बाई हवी होती.

त्या भेटायला आल्या तेव्हा मी फोनवर होते. दारातून आवाज आला, "येऊ का?" मी हाताने 'या' अशी खूण केली. फोन लांबला. तो ठेवून वर पाहिलं तर बाई तशीच पायरीवर, डोक्यावर टळटळीत ऊन.

"अहो, उन्हात उभ्या का राहिलात?"

"तुमी हो म्हनला न्हाई."

"हाताने बोलावलं की मी."

"हातानं तर लोक हाकलतेत बी."

त्यांच्या अर्जावर मी शेरा लिहिला: 'स्वभाव भिडस्त.' माझा इतका चुकलेला शेरा दुसरा नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना भिंतीवरची यादी वाचून दाखवली. त्यातलं पहिलं काम होतं: सकाळी सहा वाजता पाचही दारं उघडणे, दिवे लावणे, सगळ्यांना उठवणे. आधीची बाई हे पाच मिनिटांत उरकायची. आक्कांनी पळी घेतली आणि तिच्या दांड्याने पार्वतीबाईंच्या चौकटीवर दोनदा टकटक केली. "येऊ का?" आत सामसूम. पुन्हा टकटक, पुन्हा "येऊ का?" पार्वतीबाई टक्क जाग्या होत्या. पण हे आपल्याला विचारतायत असं त्यांच्या डोक्यातच येईना. त्यांना वाटलं, कुणीतरी पाहुणा आलाय आणि आक्का त्याच्याशी बोलतायत. शेवटी पदर सारखा करून त्याच पाहुणा बघायला बाहेर आल्या. असं पाच दारांशी. शकूच्या दाराशी तर चुलीवरचा... म्हणजे गॅसवरचा चहा आटून गेला. (आक्का गॅसला चूलच म्हणत, मलाही सवय लागली.) नाश्त्याला नऊ वाजले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "आक्का, आठची गोळी आठलाच गेली पाहिजे."

"गोळी आठलाच दिऊ. सहाला झोपंतून हाकलायचं कशापायी?"

"या बायका आजारी आहेत. शिस्त लागते. तुम्ही एवढी मेंढरं सांभाळलीत, तुम्हाला हे सांगायला लागू नये."

हे मी बोलायला नको होतं. आक्का मला एरवी 'म्याडम, तुमी' म्हणायच्या. राग आला की 'बाई, तू' वर उतरायच्या.

"मेंढराला कोन इचारतं गं बाई? इचारायचं आस्तं रानाच्या मालकाला. आमी मुलूखभर हिंडलो, पर बांधावर उभं ऱ्हाऊन हाळी दिल्याबिगर आन् मालकानं हो म्हनल्याबिगर रानात पाय टाकला न्हाई. टाकला तवा मार खाल्ला. तू मला मेंढरं कशापायी दाखवतीस? ह्या मालकिनी हायत हितल्या. मेंढरं आसलोत तर तू न् मी."

त्या दिवसापासून घरातला प्रत्येक उंबरा हा त्यांच्या हिशेबी बांध झाला. बांधावर थांबायचं, हाळी द्यायची, उत्तर यायची वाट बघायची. खोलीत कुणी नसलं तरी विचारायच्या. "आत कुणी नाहीये, आक्का," मी म्हटलं तर म्हणायच्या, "मानूस न्हाई, खोली तर हाय." सिलिंडरवाल्याला त्यांनी फाटकाबाहेर उभं करून ठेवलं, आतून कुणीतरी हो म्हणेपर्यंत त्याला फाटक उघडलं नाही. स्वयंपाकघर त्यांचं. तिथे मलाही विचारूनच जावं लागे. कधी कधी आतून उत्तर यायचं, "आता न्हाई, कढी उतू जाईल." मी या घराची व्यवस्थापक, हातात किराण्याची यादी घेऊन कढीची वाट बघत उभी.

आक्का साध्यासुध्या नव्हत्या. मीठ जास्त टाकायच्या आणि कुणी बोललं तर "रानात मीठ कमी पडलं की कळतं" म्हणून ऐकवायच्या. मिश्री लावायच्या, ती डॉक्टरांना दिसली की डबी औषधाच्या कपाटात लपवायच्या. भिंतीवरच्या माझ्या यादीवर त्यांनी एक दिवस कॅलेंडर टांगलं आणि खिळा दुसरीकडे नाही असं तोंड वर करून सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. ती पाठीला लबाडी करते म्हणायच्या.

आणि त्यांच्या त्या विचारण्याची एकदा किंमतही मोजावी लागली. कमलताई तापाने फणफणल्या होत्या, हूं की चूं करण्याचं भान नव्हतं. आक्का बाहेर दीड तास "येऊ का" करत उभ्या. मी आले, दार ढकललं, तर अंग भट्टीसारखं. त्या दिवशी मी आक्कांना फार बोलले. आक्का रात्रभर कमलताईंच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसल्या. सकाळी माझ्याकडे आल्या.

"म्याडम, एक लिवून घ्या. तीनदा इचारायचं. तिसऱ्यांदा बी आवाज न्हाई आला तर 'आले गं' म्हनून जायचं. पर 'आले गं' म्हनायचं. गपचीप न्हाई."

माझ्या यादीत आक्कांनी सांगून लिहिलेला हा एकच नियम. अजून आहे.

आता शकू. वय चाळिशीचं. भावाच्या घरी तिला सहा वर्षं एका खोलीत ठेवलं होतं, बाहेरून कडी घालून. भाऊ दुष्ट नव्हता. ही रस्त्याने कुठेही निघून जायची, घरात म्हातारी आई, सगळ्यांना शेतावर जायचं, त्याला दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे आली त्याच वर्षी एका दुपारी शकू न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली. हाका मारल्या, दार वाजवलं, उत्तर नाही. दोन तास गेले. शेवटी शेजारच्या दोघांनी पहारीने दार फोडलं. शकू पालथ्या बादलीवर बसली होती, कोरडी, हात मांडीवर. तिला काही झालेलं नव्हतं. का केलंस असं मी किती विचारलं, ती बोलली नाही. त्याच संध्याकाळी मी सुतार बोलावला आणि घरातल्या आतल्या सगळ्या कड्या काढून घेतल्या. न्हाणीघराला 'आत आहे' असा पुठ्ठा टांगला. फायलीत लिहिलं: 'स्वतःला इजा करून घेण्याचा धोका. आतून कडी नको.'

हे सगळं आक्का येण्याआधीचं. आक्कांना ते ठाऊक नव्हतं. आठवडाभर घर न्याहाळल्यावर त्यांनी मला विचारलं, "दाराला भाईरून कडी हाय, आतून न्हाई. मंग ही खोली कुनाची म्हनायची?"

"बाहेरच्या कड्या घरमालकाच्या आहेत. आपण कधी लावत नाही."

"लावत न्हाई तर ठिवल्या कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर पाच कड्या आणि पाच कोयंडे ओळीने मांडून ठेवलेले. खुरप्याने उचकटले होते. घरमालक आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मी त्यांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. गंजले होते, असं काहीतरी.

वर्षातून एकदा तपासणी समिती येते. हातात छापील फॉर्म, त्यात रकाने: पाणी, प्रकाश, औषधांचं कपाट, जिन्याला कठडा. आमच्यासारख्या घराची परवानगी पुढे चालू राहणं त्यावर असतं. मी महिनाभर आधी तयारी केली होती. तिघेजण आले, प्रमुख साहेब मोकळ्या स्वभावाचे वाटले. चार खोल्या बघून झाल्या, कारण चौघींनी हो म्हटलं. पाचव्या दाराशी मी घाईत ढकलायला हात पुढे केला तर मध्ये आक्का.

"इचारलं का?"

"आक्का, साहेब आहेत."

"आसतील. साहेबाच्या घरला बी दार आसंल."

साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली. आक्कांनी चौकटीवर टकटक केली. "शकू, तीन पाव्हने हायत. खोली बघायची म्हनतेत. येऊ द्यायचं का?"

मी घड्याळ बघितलं. साहेबांनी फॉर्म दुसऱ्या हातात घेतला. मग आतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"नको."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी आक्कांकडे. आक्का पदर खोचून दाराला पाठ लावून उभ्या. "लिवा की साहेब," त्या म्हणाल्या. "नको म्हनली म्हनून लिवा." 'सर्व खोल्या पाहिल्या' यासमोर साहेबांनी 'नाही' लिहिलं आणि खाली शेरा: 'एका खोलीत प्रवेश मिळाला नाही.'

ते गेल्यावर मी तडक स्वयंपाकघराकडे गेले. रागाने कानशिलं तापलेली, आणि तरी उंबऱ्यावर थांबून मी "येऊ का" विचारलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"या," आक्का म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या.

"वर्षभराचं काम एका शब्दात घालवलंत तुम्ही."

"मी कुठं बोलले? ती बोलली."

"तुम्ही बोलायला लावलंत."

"शकू हितं येऊन किती वर्सं झाली?"

"दोन."

"दोन वर्सांत तिनं नको म्हनलेलं कवा ऐकलंय तुमी?"

मी आठवून बघितलं. गोळी हातावर ठेवली की घ्यायची. ताट पुढे केलं की जेवायची, चल म्हटलं की चालायला लागायची. तिच्या मासिक अहवालात मी दर वेळी लिहायचे, 'सहकार्य उत्तम.'

"मंग आज लेकरू बोललं तर तुमी कशापायी रडायलाव?" आक्का म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

परवानगी राहिली, पण पुन्हा तपासणीच्या अटीवर. मी आमच्या घरातल्या तपासणीच्या कागदात एक रकाना वाढवला: 'नको म्हटल्यावर ऐकलं का?' दर महिन्याला तो भरताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

त्या 'नको'नंतर शकू आक्कांजवळ थोडं थोडं बोलायला लागली. पाच-सात शब्द, तेही हातात काम असताना. एका दुपारी मेथी निवडता निवडता काहीतरी बोलली असावी. संध्याकाळी आक्का माझ्या ऑफिसच्या दाराशी.

"येऊ का?"

"या."

"म्याडम, त्या टायमाला शकू न्हानीत दार लावून बसली हुती ना? ते काई जीव द्यायला न्हाई."

"मग?"

"बघत हुती."

"काय बघत होती?"

"कडी आपल्या बाजूनं आसली म्हंजी कसं वाटतं ते."

मी पेन खाली ठेवलं. आक्का आल्या तशा गेल्या. मी शकूची फाइल काढली, ती ओळ वाचली. खोडावीशी वाटली, पण खोडली नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "असं असेलही. धोका नव्हता असं मात्र त्यावरून ठरत नाही. दोन्ही धरून चालावं लागेल." डॉक्टरांचं बरोबरच होतं. मला त्यांच्या वाक्याचा आधारही झाला, तो असा की मला लगेच काही करावं लागलं नाही.

आक्कांनी केलं. त्या कुठूनशी बाभळीची सुकी फांदी घेऊन आल्या आणि चार दुपारी अंगणात बसून विळ्याने तासत राहिल्या. बोटभर लांबीच्या लाकडी खिट्ट्या. गावाकडे कुडाच्या दाराला असते तशी: चौकटीवर एका खिळ्यावर फिरणारी, आडवी केली की दार अडतं, उभी केली की सुटतं.

"आतून कडी नाही चालणार, आक्का. नियम आहे," मी म्हटलं.

"कडी कुठं हाय? खिट्टी हाय." मग मला हाताला धरून पार्वतीबाईंच्या खोलीबाहेर उभं केलं, स्वतः विचारून आत गेल्या आणि खिट्टी लावली. "आता हाना धक्का."

मी हळूच ढकललं. दार अडलं.

"आवो जेवला न्हाई का? मानूस आत पडलंय समजून हाना."

मी खांदा लावला. खिळा कडकन निघाला आणि मी आक्कांच्या अंगावर गेले. दोघी खाटेवर. पार्वतीबाई पोट धरून हसत होत्या.

"बघा," आक्का खालूनच म्हणाल्या. "जीवावर बेतलं तर एका धक्क्याचं काम. पर धक्का मारावा लागतो. सहज येता येत न्हाई."

डॉक्टरांनी स्वतः एक धक्का मारून बघितला आणि हो म्हटलं. मग आक्का खिळे-हातोडी घेऊन खोलीखोलीतून फिरल्या. "कुठं लावू?" असं ज्या त्या बाईला विचारून. पार्वतीबाईंनी खांद्याइतकी उंच लावून घेतली. कमलताईंनी दोन मागितल्या, त्यांना दोन मिळाल्या. धाकट्या सुनीताने आपलीला नेलपॉलिश लावलं. मोठ्या सुनीताने लावून घेतली, आठ दिवसांनी काढायला सांगितली, पुन्हा लावायला सांगितली. आक्कांनी दोन्ही वेळा खिळा ठोकला आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

शकू काही बोलली नाही. "कुठं लावू, शकू?" असं आक्का आठवड्यातून एकदा तरी विचारायच्या. शकू दाराकडे बघायची आणि मान खाली घालायची.

"तिला कुठेही चालेल," मी एकदा म्हटलं. "लावून टाका मधोमध."

"तिला कुठंबी चालत आलंय आजवर. म्हनून तर थांबायचं," आक्का म्हणाल्या.

खरं सांगायचं तर शकूच्या दाराला खिट्टी लागत नव्हती याचं मला बरंच वाटत होतं. पालथ्या बादलीवर बसलेली शकू मला आठवायची. ते दोन तास आठवायचे. फायलीतली ओळ पुसली नव्हती, आणि तिच्या दाराशी मी रात्री एक फेरी जास्तीची मारायचे. विचारून नाही, नुसती फट करून बघायचे. आक्कांना ते ठाऊक होतं का, माहीत नाही. असणार.

आक्कांचे गुडघे गेले. जिना चढवेना, खाली बसवेना. लेक आणि जावई त्यांना न्यायला आले. जाताना त्यांनी पाचही खोल्यांच्या दारांशी थांबून विचारलं, आत जाऊन आल्या. माझ्या टेबलाशी आल्या आणि पदराच्या गाठीतून शकूची खिट्टी काढून ठेवली, सोबत एक खिळा.

"तिनं जागा दावली की लावा. घाई करू नका म्याडम. आन् उशीर बी करू नका."

ती खिट्टी सात महिने माझ्या वरच्या खणात होती, स्टेपलरशेजारी. 'शकू: खिट्टी' ही ओळ मी दर सोमवारी नव्या यादीत उतरवत होते. शकूला मी सात महिन्यांत किती वेळा विचारलं? दोनदा. आक्का फोनवर आधी दर वेळी विचारायच्या, "दावली का जागा?" दिवाळीनंतर विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

आणि मग सोमवारची बैठक. शकूने बोट ठेवलं ती जागा मधोमध नव्हती. खाली होती, गुडघ्याच्या जरा वर. मी जागेवरून उठले, तिच्या उंबऱ्याशी जाऊन थांबले आणि तिच्यापुढे पेन्सिल धरली. तिने ती घेतली, बोट होतं तिथे एक छोटी फुली काढली, पेन्सिल मला परत दिली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. बाकीच्याजणी टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांना पार्वतीबाईंनीच गप्प केलं.

चहा घेताना डॉक्टर म्हणाले, "धक्क्याने निघेल ना, एवढ्या खाली असली तरी?"

"निघेल."

"मग आता तुम्हाला कशाची वाट बघायची आहे?"

मी कप घेऊन आत गेले आणि माजलगावला फोन लावला. मागे मोटारीचा आवाज होता, उसाला पाणी चालू असणार.

"आक्का, शकूनं जागा दाखवली."

"खाली हाय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ती दाराला पाठ टेकून बसती. मी भाईर उभी ऱ्हायचे तवा तिचा श्वास खालून ऐकू यायचा. बसल्या बसल्या हात जावा म्हनून खाली."

"मग मला आधी का नाही सांगितलं? तेव्हाच लावली असती."

"मी सांगून काय? दार माजं हाय व्हय?" मग, "आन् म्याडम, हातुडी घिऊन एकदम घुसू नका. आदी इचारा."

खिट्टी चौकटीच्या आतल्या अंगाला लागते. ती लावायला खोलीत जावंच लागतं.

मंगळवारी चार वाजता, चहा झाल्यावर, मी खिट्टी, खिळा आणि हातोडी घेऊन शकूच्या दाराशी गेले. चौकटीवर टकटक केली. "शकू, खिट्टी लावायची आहे. येऊ का?" उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. दाराच्या खालच्या भागाशी काहीतरी हललं, कापड घासल्यासारखं. तीनदा विचारून आत जायचा नियम तापाला आहे, याला नाही. मी परत आले.

बुधवारी आतून आलं, "आज नको."

गुरुवारी मी उभी होते तेव्हा शकूने आतून विचारलं, "कोन कोन हाय?"

"मी एकटीच."

"आक्का?"

"आक्का लेकीकडे आहेत. त्यांनी सांगितलंय, आधी विचारा म्हणून."

मी हातोडी खाली ठेवली, कारण हात अवघडला होता. रात्रीची ती फट करून बघायची फेरी मी सोमवारपासून बंद केली आहे. हे तिला सांगावं असं मनात आलं, पण ती कधीपासून जागी राहून ते बघत आली असेल, या विचाराने सांगितलं नाही.

"आज नको," शकू म्हणाली. मग, मी वळले तेव्हा, "उद्या इचारा."

या आठवड्याच्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. डाळ आली, पार्वतीबाईंचा चष्मा आला, न्हाणीघराचा नळ बसला, पुढच्या तपासणीचा अर्ज गेला. एक ओळ तशीच आहे.

खिट्टी, शकूची खोली: बाकी. शुक्रवारी चारला विचारणे.